स्किपिओ घराणं : नाव एक, माणसं अनेक

प्राचीन रोमच्या कॉर्नेलिअस कुळातल्या स्किपिओ शाखेने प्रजासत्ताकाला पिढ्यान्‌पिढ्या कॉन्सल (सर्वोच्च पदाधिकारी) आणि सेनापती दिले. एकच नाव अनेकांनी लावल्यामुळे मात्र एकाचा पराक्रम दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतो. हा गुंता सोडवला, की हे घराणं खऱ्या अर्थाने कळू लागतं.

गैरसमज : हानिबल या कार्थेजच्या सेनापतीला हरवणाऱ्या स्किपिओनेच कार्थेज शहर बेचिराख केलं.

वस्तुस्थिती : हे दोघे वेगळे. इ.स.पू. २०२ मध्ये झामाची लढाई जिंकून ‘आफ्रिकानुस’ म्हणवला गेलेला स्किपिओ तह करून परतला. कार्थेज शाबूत राहिलं. ते जमीनदोस्त केलं इ.स.पू. १४६ मध्ये स्किपिओ एमिलियानुसने. हा जन्माने एमिलिउस पाउलुसचा मुलगा. आफ्रिकानुसच्या मुलाने त्याला दत्तक घेतलं होतं. रोममध्ये दत्तक मुलाला घराण्याचं नाव आणि वारसा दोन्ही पूर्णपणे मिळत.

गैरसमज : रोमनांनी कार्थेजच्या जमिनीत मीठ पेरलं.

वस्तुस्थिती : एकाही प्राचीन लेखकाने तसं लिहिलेलं नाही, ही कथा आधुनिक काळात रूढ झाली. उलट, विध्वंसानंतर २४ वर्षांनी गायुस ग्राकुस याने तिथेच रोमन वसाहत वसवण्याचा प्रयत्न केला. हा गायुस आफ्रिकानुसच्याच मुलीचा मुलगा.

गैरसमज : आफ्रिकानुसला रोमने आयुष्यभर डोक्यावर घेतलं.

वस्तुस्थिती : सीरियाचा राजा अँटिओकस याच्याविरुद्धच्या मोहिमेतल्या पैशांवरून त्याच्यावर आणि त्याचा भाऊ लुसिउसवर आरोप झाले. सिनेटने हिशेब मागितला, तेव्हा त्याने हिशेबाची वही सर्वांसमोर फाडली, असं इतिहासकार पोलिबिउस सांगतो. शेवटी तो रोम सोडून लिटेर्नुमला राहिला आणि तिथेच वारला.

गैरसमज : सत्ता टिकवण्यासाठी सगळं घराणं एकजुटीने उभं असे.

वस्तुस्थिती : आफ्रिकानुसची मुलगी कॉर्नेलिया हिच्या १२ मुलांपैकी तिघंच जगली. वैधव्यात तिने त्यांच्या शिक्षणाकडे जातीने लक्ष दिलं. थोरल्या टिबेरिउस ग्राकुसने इ.स.पू. १३३ मध्ये सार्वजनिक जमीन गरिबांना वाटण्याचा कायदा केला. त्याच वर्षी त्याचा जीव घेणाऱ्या जमावाच्या पुढे होता स्किपिओ नासिका, म्हणजे त्याचा सख्खा मावसभाऊ. एमिलियानुस तर टिबेरिउसच्या बहिणीचा नवरा. त्यानेही या हत्येचं समर्थन केलं.

गैरसमज : थडग्यावर कोरलेलं सगळं खरंच असणार.

वस्तुस्थिती : रोममध्ये आप्पियन मार्गावर या घराण्याचं दफनस्थळ आहे. तिथली स्किपिओ बार्बातुसची दगडी शवपेटी आता व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे. इ.स.पू. २९८ च्या या कॉन्सलने साम्निउममधली ठाणी घेतली आणि सगळा लुकानिया जिंकला, असं तिच्यावर कोरलं आहे. इतिहासकार लिव्ही मात्र त्या वर्षी त्याला एट्रुस्कनांशी लढताना दाखवतो. कोरीव लेख घराण्याने स्वतःच्या गौरवासाठी लिहवून घेतलेले असत. म्हणून तेही इतर पुराव्यांशी ताडूनच वाचायला हवेत.