ड्रॅग कारचा पिंजरा तपासणीत नापास का होतो? वेल्डिंगवाल्यांनी आणि ट्रॅक्टरवाल्यांनीही वाचावं असं

मोबाईलवर रील बघताना एखादी जुनी अमेरिकन गाडी पुढची चाकं हवेत उचलून सुटताना बऱ्याच जणांनी पाहिली असेल. सरळ रस्ता, शेजारी-शेजारी दोन गाड्या, दिवा हिरवा झाला की सुसाट. पाव मैल, म्हणजे साधारण ४०२ मीटर अंतर जो आधी पार करेल तो जिंकला. या खेळाला ड्रॅग रेस म्हणतात. पुढच्या वेळी रील थांबवून गाडीच्या आत नीट बघा. ड्रायव्हरच्या भोवती लोखंडी पाईपांचा सांगाडा दिसेल. त्याचं नाव रोल केज. आपण पिंजरा म्हणू.

गाडी उलटली की पत्र्याचा टप खाली बसतो. पिंजरा बसू नये, ड्रायव्हरपुरती जागा शाबूत राहावी, एवढंच त्याचं काम. पण पिंजरा नुसता गाडीत असून चालत नाही, तो तपासणीत पास व्हावा लागतो. चकचकीत रंगवलेला, दिसायला दणकट पिंजरासुद्धा तिथे नापास होतो. का, ते समजून घेण्यासारखं आहे. त्यातल्या बऱ्याच चुका आपल्या गावच्या वर्कशॉपातही रोज होत असतात.

जितके सेकंद कमी, तितका नियम कडक

अमेरिकेत या शर्यतींचे नियम प्रामुख्याने एनएचआरए ही संस्था ठरवते. वॉली पार्क्स यांनी १९५१ साली कॅलिफोर्नियात ती सुरू केली. त्या काळी तिकडची पोरं सार्वजनिक रस्त्यांवर रेस लावायची. त्यांना तिथून उचलून नियमाच्या मैदानात आणायचं, हा त्यामागचा हेतू.

नियमाचं गणित वेळेवर चालतं. पाव मैल ११.४९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर पार करणाऱ्या गाडीला निदान रोल बार लागतो. रोल बार म्हणजे सीटमागची कमान आणि तिला धरणारे आधार. वेळ ११ सेकंदांच्या खाली आली की पूर्ण पिंजऱ्याची गोष्ट सुरू होते. गाडीचा मूळ तळ आणि बॉडी कापलेली नसेल तर १० सेकंदांपर्यंत बारवर भागतं. पण ९.९९ सेकंद किंवा त्याहून कमी वेळ, नाहीतर ताशी १३५ मैल म्हणजे सुमारे २१७ किलोमीटरचा वेग आला, की पिंजरा सक्तीचा आणि त्याची स्वतंत्र तपासणीही सक्तीची. पास झाला तर सांगाड्यावर क्रमांक असलेला स्टिकर लागतो. तो तीन वर्षं चालतो, मग पुन्हा तपासणी. कंपनीतून निघाल्या तशाच असलेल्या नव्या गाड्यांना यात काही सवलती आहेत. टप नसलेल्या गाड्यांना मात्र बार बराच आधी लागतो.

गाडी अडते ती बहुतेक वेळा अशी. समजा एकाची गाडी १०.६ सेकंदांत पळते. थंडीत तो इंजिनाला टर्बो बसवतो. वसंतात पहिल्याच दिवशी गाडी ९.८ मारते. मालक खूश, पण मैदानावरचा अधिकारी म्हणतो, आता स्टिकर दाखव. इंजिनाची ताकद एका हंगामात वाढली, पिंजरा मात्र दहा वर्षांपूर्वीचाच राहिला.

बाहेरून पाईप सारखाच, भिंत वेगळी

तपासणारा माणूस सगळ्यात आधी पाईपाच्या मागे लागतो. पिंजऱ्याच्या मुख्य कमानीचा पाईप बाहेरून सव्वाएक्केचाळीस मिलीमीटर, म्हणजे एक पूर्णांक पाच-अष्टमांश इंच व्यासाचा हवा. साधं एमएस असेल तर त्याची भिंत ०.११८ इंच, म्हणजे ३ मिलीमीटर; सुतापेक्षा जराशी कमी. क्रोमोली असेल तर ०.०८३ इंच, म्हणजे २.१ मिलीमीटर चालते. क्रोमोली म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम घातलेलं पोलाद. ते जास्त ताकदीचं असतं, म्हणून भिंत पातळ असून भागतं आणि गाडीचं वजन वाचतं.

आता रंगवलेल्या पाईपाची भिंत बाहेरून कशी मोजायची? त्यासाठी आवाजाच्या लहरींवर चालणारं यंत्र असतं. पाईपावर टेकवलं की आतल्या भिंतीची जाडी आकड्यात दिसते. इथे भल्याभल्यांचं बिंग फुटतं. पाईप विकत घेतला तेव्हा बरोब्बर ३ मिलीमीटरचा होता, पण वाकवताना बाकाच्या बाहेरच्या अंगाला धातू ताणला जातो आणि भिंत पातळ होते. म्हणून जाणकार कारागीर किमान जाडीचा पाईप घेतच नाहीत. ते ०.१३४ इंचाचा, म्हणजे ३.४ मिलीमीटरचा घेतात. वजन थोडं वाढतं, पण बाक काढल्यावरही मापात राहतो.

आपल्याकडे इथे एक फसगत हमखास होते. दुकानात मिळणारा सव्वा इंची पाण्याचा पाईप बाहेरून सव्वाबेचाळीस मिलीमीटरच्या आसपास भरतो. पिंजऱ्याच्या पाईपाशेजारी ठेवला तर जुळा भाऊ वाटेल. पण तो पाणी वाहून न्यायला बनवलेला असतो, माणूस वाचवायला नाही. उलटणाऱ्या गाडीचा धक्का त्याच्या उभ्या शिवणीने सोसावा, या हिशेबाने तो कोणी घडवलेला नाही. त्यात वाळू भरून, तापवून वाकवला तर बाकावर पिचकण्याची भीती वेगळीच.

टाका कसा, आणि टाका कुठे

पाईपानंतर वेल्डिंग. क्रोमोलीला फक्त टिग, म्हणजे आपल्याकडे ज्याला आर्गन वेल्डिंग म्हणतात तेच चालतं. एमएसला टिग किंवा मिग, म्हणजे आपलं सीओटू वेल्डिंग. रॉडच्या साध्या वेल्डिंगला या पिंजऱ्यात जागा नाही. क्रोमोलीच्या बाबतीत एवढी काटेकोरी का? कारण चुकीची उष्णता लागून ते झटकन थंड झालं तर टाक्याच्या शेजारची पट्टी ठिसूळ होते. धक्का बसला की टाका शाबूत राहतो आणि बाजूचा पाईप काचेसारखा तडकतो.

टाक्यावर ग्राइंडर मारायला सक्त मनाई आहे. आपल्याकडे गेट असो की ग्रील, टाका घासून गुळगुळीत केला, वर पुट्टी लावली, की गिऱ्हाईक म्हणतं 'काम सफाईचं झालं'. तिथे तेच काम नापास. घासल्याने टाक्यातला धातू जातो, आणि टाका आतपर्यंत बसला होता की वरवरच चिकटला होता, हे झाकलं जातं. क्रोमचा मुलामाही चालत नाही. मुलामा देताना हायड्रोजन पोलादात शिरून ते ठिसूळ होऊ शकतं. रंग चालतो.

टाका पाईपाच्या सगळ्या बाजूंनी, पूर्ण गोल फिरलेला हवा. सगळ्यात जास्त चोरी होते ती इथे. कमान टपाला खेटून बसलेली असते. खालून आणि बाजूने टाका मारता येतो, पण पाईप आणि टप यांच्यामध्ये वेल्डिंगची तोटीच जात नाही. मग वरची बाजू तशीच राहून जाते. बघणाऱ्याला दिसत नाही, पण तपासणारा हातात आरसा घेऊन बघतो. यावर तिकडच्या कारागिरांची एक जुनी युक्ती आहे. कमानीचे पाय टेकतात तिथे गाडीच्या तळाला भोकं पाडायची, अख्खा पिंजरा त्यातून काही इंच खाली सोडायचा, वर झालेल्या मोकळ्या जागेतून टाके पूर्ण करायचे, पिंजरा परत वर उचलायचा आणि पायाखाली प्लेटी घालून भोकं बंद करायची. काम दुप्पट होतं, पण वरचा टाका राहत नाही.

पाय कशावर टेकलेत?

घराचा खांब फरशीवर उभा केला तर काय होईल? तेच पिंजऱ्याचं. गाडीचा तळ पातळ पत्र्याचा असतो. त्यावर पाईप थेट उभा केला तर उलटताना पाईप पत्रा फाडून खाली जातो आणि पिंजरा जागच्या जागी बुटका होतो. म्हणून खाली वेगळी चासी असलेल्या गाडीत पिंजरा चासीलाच वेल्ड करावा लागतो. ज्या गाडीत बॉडी हीच चासी असते, तिथे सहा बाय सहा इंचाच्या, एक सुती जाड दोन प्लेटी लागतात, एक पत्र्याच्या वर आणि एक खाली. त्या किमान चार बोल्टांनी आवळायच्या. नाहीतर दाराखालच्या मजबूत पट्टीला प्लेट घालून पूर्ण वेल्ड करायचं. जुन्या गाडीत हा भाग गंजलेला असतो. तिथे आधी गंज कापून नवा पत्रा जोडल्याशिवाय पिंजऱ्याला हात लावण्यात अर्थ नाही.

पिंजराच डोक्यात बसला तर?

मापं ड्रायव्हरला बसवूनच घेतात, हेल्मेट घालून. कमान हेल्मेटच्या वर किमान तीन इंच हवी आणि डोक्यापासून मागे किंवा बाजूला सहा इंचांच्या आत हवी. दाराकडचा आडवा पाईप खांदा आणि कोपर यांच्या मधोमध यायला पाहिजे. मालकाने सीट बदलली, किंवा गाडी उंच माणसाला विकली, तर कालपर्यंत पास असलेला पिंजरा आज नापास होऊ शकतो.

हेल्मेट जिथे-जिथे पाईपाला लागू शकतं तिथे खास कठीण फोमचं पॅडिंग लागतं. ९.९९ आणि त्याखालच्या गाड्यांना ते एसएफआय या संस्थेच्या मानकाप्रमाणेच हवं. पाण्याच्या पाईपावर चढवतात तसला मऊ काळा फोम चालत नाही, तो एका दणक्यात चेपतो. सीटबेल्टलाही मुदत आहे, बनवल्यापासून दोन वर्षं. धूळ, ऊन आणि ताण यांनी पट्टा कमजोर होतो, मग तो दिसायला नवा का असेना.

पॅडिंग किती महत्त्वाचं, हे २००७ साली फार महागात कळलं. 'फनी कार' या अतिवेगवान प्रकारातला ड्रायव्हर एरिक मेडलन फ्लोरिडात चाचणी घेत असताना गाडीचं चाक इतक्या जोराने थरथरलं, की त्याचं डोकं पिंजऱ्यावर पुन्हा पुन्हा आदळलं. काही दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. त्याच्या जिवावर बेतलं ते पिंजऱ्याच्या आत डोक्याला बसलेल्या दणक्यांमुळे. त्यानंतर या गाड्यांमधली डोक्याभोवतीची जागा रुंद केली गेली आणि पॅडिंग वाढवलं गेलं. त्याच वर्षी त्याच्या टीमचे मालक आणि नामांकित ड्रायव्हर जॉन फोर्स यांच्या गाडीचे टेक्सासमध्ये शर्यतीत दोन तुकडे झाले. हातापायांना गंभीर दुखापती झाल्या, पण ते वाचले.

सुधारायचा की काढून नवा टाकायचा?

खर्चाचा प्रश्न इथे येतो. मुख्य कमान मापाची असेल, पाईप गंजलेला नसेल आणि फक्त दाराकडचे किंवा पुढचे पाईप कमी असतील, तर ते वाढवून पिंजरा पास होतो. अपुरा टाका पुरा करता येतो. पण मुख्य कमानीची भिंतच पातळ निघाली तर इलाज नाही. त्यावर दुसरा पाईप चिकटवून जाडी भरत नाही. पिंजरा कापून काढावा लागतो. कुठल्या धातूचा हेच ठाऊक नसलेला, जुन्या गाडीबरोबर आलेला पिंजरा असेल, तर दुरुस्तीत पैसे घालण्यापेक्षा नवा टाकलेला स्वस्त पडतो. आणि गाडी पुढे ८.५० सेकंदांच्या खाली न्यायचा विचार असेल तर एसएफआयचे आणखी कडक आराखडे लागू होतात. तेव्हा पुढच्या इंजिनाचा हिशेब आजच धरलेला बरा.

आपल्याकडे काय?

भारतात मोटारींच्या शर्यतींचे नियम एफएमएससीआय ही संघटना पाहते. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवरही ड्रॅग शर्यती झालेल्या आहेत. पण तालुक्याच्या गावात पिंजरा दिसतो तो मॉडिफाय केलेल्या जीपमध्ये, शोसाठी. हा प्रकार धोक्याचा आहे. रेसवाल्याच्या डोक्यावर हेल्मेट असतं आणि खांद्यावरून घट्ट पट्टे असतात. रोजच्या गाडीत दोन्ही नसतं. साध्या धडकेतही उघडं डोकं थेट पाईपावर जातं. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत परस्पर असे फेरफार करता येत नाहीत.

खरी गरज आहे ती ट्रॅक्टरला. बांधावरून, ओढ्याच्या काठावरून किंवा फसलेलं चाक काढताना ट्रॅक्टर इतक्या झटकन उलटतो, की उडी मारायला वेळच मिळत नाही. स्वीडनने १९५९ सालीच नव्या ट्रॅक्टरला उलटण्यापासून रक्षण करणारा सांगाडा सक्तीचा केला आणि तिथे चालकांचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. आता आपल्याकडच्याही काही ट्रॅक्टरना सीटमागे असा रोल बार मिळतो.

पण गावात उन्हासाठी बनवलेला हूड म्हणजे रोल बार नव्हे. तो पातळ पाईपाचा आणि दोन-चार नटांवर उभा असतो. सावली देतो, ट्रॅक्टरचं वजन झेलत नाही. रोल बार हवा असेल तर आपल्या मॉडेलसाठी कंपनीने दिलेलाच घ्यावा. त्याला भोक पाडू नये, साऊंडची पेटी अडकवायला पट्टी वेल्ड करू नये. एकदा ट्रॅक्टर उलटला असेल तर वाकलेला बार तापवून सरळ करून परत बसवू नये, बदलावा.

बार उभा असेल तेव्हा बेल्ट लावायचाच, नाहीतर माणूस बाहेर फेकला जातो आणि बारच्याच खाली येतो. बार नसेल तर बेल्ट लावायचा नाही. डाळिंबाच्या किंवा द्राक्षाच्या बागेत घडीचा बार खाली वाकवला असेल तर तेवढ्यापुरता बेल्ट सोडावा, आणि बागेबाहेर आल्यावर बार उभा करून दोन्ही पिना लावाव्यात.