लिन, लोरेटा

लिन, लोरेटा : (१४ एप्रिल १९३२ – ४ ऑक्टोबर २०२२). अमेरिकेतील ‘कंट्री’ (ग्रामीण) संगीतप्रकारातील ख्यातनाम गायिका व गीतकार. मूळ नाव लोरेटा वेब. केंटकी राज्याच्या जॉन्सन परगण्यातील बुचर हॉलो या वस्तीत एका खाणकामगाराच्या कुटुंबात तिचा जन्म झाला. आठ भावंडांत ती दुसरी. जुन्या संदर्भग्रंथांतून तिचे जन्मवर्ष १९३५ असे दिलेले आढळते. विवाहाच्या वेळी आपण तेरा वर्षांच्या होतो, असे ती स्वतः सांगत असे व चरित्रकारांनीही तेच ग्राह्य धरले. २०१२ मध्ये जन्म व विवाह यांच्या सरकारी नोंदी उजेडात आल्या, तेव्हा १९३२ हे वर्ष निश्चित झाले आणि विवाहसमयी ती पंधरा वर्षांची होती, हेही स्पष्ट झाले.

‘हॉलो’ म्हणजे दोन डोंगरसोंडांमधील चिंचोळी घळ. पूर्व केंटकीतील ॲपालॅचिअन डोंगराळ मुलूख अशा घळींनी भरलेला आहे. अठराव्या शतकापासून येथे इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड येथून आलेल्या लोकांनी वस्ती केली. त्यांनी आपल्याबरोबर कथागीते व व्हायोलिनवरील नृत्यधुना आणल्या. आफ्रिकी गुलामांकडून बँजो हे वाद्य आले. प्रार्थनामंदिरांतील स्तोत्रांची त्यांत भर पडली. या मिश्रणातून जे संगीत तयार झाले, ते १९२० नंतरच्या दशकात नभोवाणी व ध्वनिमुद्रिका यांच्या द्वारा व्यवसायाच्या कक्षेत आले. शहरी व्यापारी त्याला ‘हिलबिली’ (डोंगरी गावंढळ) या हिणकस नावाने ओळखत. १९४९ मध्ये बिलबोर्ड या व्यवसायपत्राने आपल्या लोकप्रियतेच्या याद्यांसाठी ‘कंट्री अँड वेस्टर्न’ हे सौम्य नाव योजले. टेनेसी राज्यातील नॅशव्हिल या शहरातून १९२५ पासून प्रक्षेपित होणारा ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा शनिवार रात्रीचा नभोवाणी कार्यक्रम या संगीताचे प्रधान पीठ ठरला.

याच मुलखात विसाव्या शतकाच्या आरंभी कोळशाच्या मोठ्या खाणी सुरू झाल्या आणि स्वतःची जमीन कसणारा डोंगरी शेतकरी मजूर बनला. बुचर हॉलोजवळील व्हॅन लीअर हे गाव एका कोळसा कंपनीनेच वसविले होते. लोरेटाचे वडील मेल्व्हिन (‘टेड’) वेब रात्रपाळीस तेथील खाणीत उतरत आणि दिवसा डोंगरउतारावरील तुटपुंज्या जमिनीत मका व भाजीपाला पिकवीत. घर म्हणजे एक लाकडी खोपटे होते. वारा आत येऊ नये म्हणून त्याच्या भिंतींना जुनी वृत्तपत्रे व सूचिपत्रांची पाने चिकटवलेली असत. मुलीचे नावही त्या भिंतीवरील लोरेटा यंग या चित्रपटतारकेच्या छायाचित्रावरून आईने ठेवले, असे सांगतात. उन्हाळ्यात मुले अनवाणी वावरत. हिवाळ्यासाठी टपालाने जोडे मागविले जात, तेही डुक्कर विकून पैसा हाती आला तरच. लोरेटाचे शिक्षण वस्तीवरील एकखोली शाळेपुरतेच झाले. धाकट्या भावंडांना झोपविणे हे मोठ्या मुलीचे काम असल्यामुळे ती लहानपणापासून गात आली. ते गाणे अंगाईचे व प्रार्थनेचे होते. वडिलांनी विद्युत्‌घटावर चालणारा रेडिओ विकत आणल्यावर शनिवारच्या रात्री ऑप्रीचे सूर त्या घळीत पोहोचू लागले. मात्र गायन हा आपला व्यवसाय होऊ शकेल, ही कल्पना त्या काळात तिला शिवल्याचे दिसत नाही.

१० जानेवारी १९४८ रोजी, ओळख होऊन जेमतेम महिना लोटला असता, तिचा विवाह ऑलिव्हर (‘डूलिटल’) लिन या युद्धावरून परतलेल्या एकवीस वर्षांच्या तरुणाशी झाला. खाणीत आयुष्य घालवायचे नाही, असा त्याचा निश्चय होता. पूर्व केंटकीतील तरुणापुढे तेव्हा खाण, चोरटी दारू गाळणे किंवा देशांतर एवढेच मार्ग असत. त्याने तिसरा पत्करला. दोघे सुमारे साडेतीन हजार किमी. दूर, पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या वॉशिंग्टन राज्यातील कस्टर या खेड्यात आले. तो लाकूडतोडीची व शेतावरची कामे करी. ती परक्यांच्या घरची धुणीभांडी करी, मळ्यातून स्ट्रॉबेरी तोडी आणि घरच्या मुलांचे करी. विशीच्या सुमारास ती चार मुलांची आई होती. पुढे १९६४ मध्ये जुळ्या मुली झाल्या. पती मद्यपी होता, बाहेरख्याली होता व प्रसंगी हातही उगारी. तिनेही हा मार मुकाट्याने सोसला नाही. हे सारे तिने नंतर स्वतःच उघडपणे सांगितले आहे. तथापि काम करताना ती गात असे, ते ऐकून तिच्या कंठाची पारख सर्वप्रथम त्यानेच केली. १९५३ मध्ये त्याने तिला सतरा डॉलरची एक साधी गिटार आणून दिली. ती वाजवावयास तिला कोणी शिकविले नाही. संकोची स्वभावाच्या या गृहिणीला नृत्यगृहांच्या मंचावर उभे करण्याचा आग्रहही त्याचाच. त्याच्या हट्टावाचून ही गायिका उदयास आली नसती आणि त्याच्या वर्तनावाचून तिच्या उत्तम गीतांपैकी निम्मी लिहिली गेली नसती. तिच्या चरित्रातील हा पेच सुटणारा नाही. तिनेही तो सोडविण्याचा आव आणला नाही.

एका स्थानिक दूरचित्रवाणी कार्यक्रमातील तिचे गायन ऐकून कॅनडातील व्हँकूव्हर येथील नॉर्म बर्ली या व्यावसायिकाने तिच्या ध्वनिमुद्रणासाठी भांडवल पुरविले. ‘झीरो’ या छोट्या संस्थेने १९६० च्या मार्चमध्ये तिची पहिली ध्वनिमुद्रिका आय ॲम अ हाँकी टाँक गर्ल प्रसिद्ध केली. प्रियकराने सोडल्यामुळे मद्यगृहांच्या आश्रयास गेलेल्या स्त्रीचे हे गीत तिचे स्वतःचे होते. संस्थेजवळ वितरणाची यंत्रणा नव्हती. म्हणून पती-पत्नींनी शेकडो नभोवाणी केंद्रांना प्रती टपालाने पाठविल्या आणि नंतर जुन्या मोटारीतून गावोगावच्या केंद्रांवर स्वतः जाऊन निवेदकांना ते गीत लावण्याची विनंती केली. ते मोटारीतच झोपत. केंद्र जवळ आले, की ती मागच्या आसनावर पोशाख बदलून घेई. गीत बिलबोर्डच्या यादीत चौदाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले आणि त्याच वर्षी तिला ऑप्रीच्या मंचावर गाण्याची संधी मिळाली. मुलीने गायिका म्हणून मिळविलेले हे यश टेड वेब यांना पाहता आले नाही. कोळशाच्या धुळीने फुप्फुसे निकामी झाल्यामुळे त्यांना खाण सोडावी लागली होती. १९५९ मध्ये, वयाची साठीही गाठण्यापूर्वी, ते मृत्यू पावले.

नॅशव्हिलमध्ये विल्बर्न बंधू या गायकांनी तिला आपल्या कार्यक्रमात घेतले आणि डेका या मोठ्या ध्वनिमुद्रिका कंपनीत तिचा प्रवेश झाला. तेथील निर्माता ओवेन ब्रॅडली याने तिचे डोंगरी उच्चार व किंचित सानुनासिक, धारदार स्वर बदलण्याचा खटाटोप केला नाही. त्याचे हे शहाणपण मोलाचे होय, कारण त्याच सुमारास नॅशव्हिलमधील बहुतेक निर्माते शहरी श्रोत्यांसाठी ग्रामीण गायनाला तंतुवाद्यवृंद व समूहस्वर यांचा गुळगुळीत मुलामा देत होते. तिला १९६२ मध्ये ऑप्रीचे सदस्यत्व मिळाले. या काळात पॅट्सी क्लाइन (१९३२–६३) या प्रथितयश गायिकेचा तिला मोठा आधार लाभला. १९६१ मध्ये मोटार अपघातात जखमी होऊन क्लाइन रुग्णालयात असता लोरेटाने नभोवाणीवर तिचे एक गीत तिला उद्देशून गायिले. ते ऐकून क्लाइनने तिला बोलावून घेतले. पोशाख, रंगभूषा, मंचावरील वावर आणि करारातील व्यवहार या सर्व बाबतींत तिने लोरेटास शिकविले. मार्च १९६३ मध्ये विमान अपघातात क्लाइन मरण पावली.

स्त्रियांची गाणी खपत नाहीत, असा व्यवसायातील समज किटी वेल्स हिने १९५२ मध्येच खोटा ठरविला होता. तथापि गीतांतील स्त्री त्यानंतरही बहुधा विरहिणी किंवा पतिता अशीच राही. लोरेटा लिनच्या गीतांतील स्त्री निराळी आहे. ती विवाहित आहे, घर सोडण्याचा तिचा विचार नाही, पण ती गप्पही बसत नाही. यू एन्ट वूमन इनफ (१९६६) मध्ये ती नवऱ्यावर डोळा ठेवणाऱ्या परस्त्रीला आव्हान देते. बहीण पेगी सू हिच्यासमवेत लिहिलेल्या आणि १९६७ च्या आरंभी यादीत अग्रस्थानी पोहोचलेल्या डोन्ट कम होम अ-ड्रिंकिन या गीतात ती दारू पिऊन येणाऱ्या पतीला शयनगृहाबाहेर ठेवते. फिस्ट सिटी (१९६८) मध्ये ती थेट मुष्टियुद्धाची भाषा करते. डिअर अंकल सॅम (१९६६) हे व्हिएटनाम युद्धात पती गमावलेल्या स्त्रीचे गीत आहे, तर शेल सिल्व्हरस्टीन या कवीने लिहिलेले वन्स ऑन द वे (१९७१) मुलांनी भरलेल्या घरात गुरफटलेल्या आणि पुन्हा गरोदर असलेल्या गृहिणीचे. रेटेड एक्स (१९७२) या गीताचा विषय घटस्फोटितेकडे पाहण्याची समाजाची दृष्टी हा आहे. सर्वाधिक खळबळ माजविली ती द पिल या गीताने. संततिनियमनाच्या गोळीमुळे वारंवारच्या बाळंतपणातून सुटलेली पत्नी त्यात बोलते. हे गीत इतरांनी रचलेले होते व त्याचे ध्वनिमुद्रण १९७२ मध्येच झाले होते. कंपनीने मात्र ते १९७५ मध्ये बाहेर काढले. अनेक केंद्रांनी ते लावण्यास नकार दिला, तरीही यादीत ते पाचव्या क्रमांकावर गेले. खेड्यांतील डॉक्टर आपल्याला भेटून सांगत, की पत्रकांनी झाला नाही एवढा या विषयाचा प्रसार या गीताने झाला, असे ती म्हणे. स्त्रीमुक्तीच्या संघटित चळवळीशी तिने जवळीक दाखविली नाही. तिचा विरोध सिद्धान्तातून आला नसून अनुभवातून आला होता. बहुधा म्हणूनच, चळवळीची पुस्तके ज्यांच्या हाती कधी पडली नाहीत, अशा स्त्रियांपर्यंत तो पोहोचला.

कोल मायनर्स डॉटर (खाणकामगाराची मुलगी) हे तिचे सर्वांत प्रसिद्ध गीत. ते १९६९ मध्ये ध्वनिमुद्रित झाले व १९७० मध्ये प्रसिद्ध होऊन वर्षअखेर यादीत अग्रस्थानी पोहोचले. मूळ रचना बरीच दीर्घ होती. ब्रॅडलीच्या सूचनेवरून तिने त्यातील काही कडवी गाळली व त्याची खंत तिला पुढे वाटत राहिली. खाणीतील रात्रपाळी, कपडे घासताना रक्ताळलेली आईची बोटे, दिव्याच्या उजेडात वाचले जाणारे बायबल, जोड्यांसाठी विकलेले डुक्कर असे एकेक तपशील बँजो व स्टील गिटार यांच्या साथीत ती जवळजवळ बोलल्यासारखी सांगत जाते. दारिद्र्याची तक्रार त्यात नाही आणि वडिलांना मारणाऱ्या धुळीचा उल्लेखही नाही. कंपनीवर कोणताही ठपका न ठेवणारे हे गीत खाणवस्तीतील जीवन सोज्ज्वळ करून दाखविते, असा आक्षेप घेता येईल, आणि तो अगदीच निराधार नव्हे. परंतु ज्या वर्षी ते ध्वनिमुद्रित झाले, त्याच वर्षी अमेरिकेच्या काँग्रेसने कोळसा खाणकामगारांच्या आरोग्य व सुरक्षिततेचा कायदा संमत करून या फुप्फुसविकारासाठी प्रथमच भरपाईची तरतूद केली. ‘हिलबिली’ म्हणून हिणवल्या गेलेल्या जमातीतील एक स्त्री आपले कुळ अभिमानाने सांगते, ही गोष्ट त्या श्रोत्यांना नवी होती. ३० डिसेंबर १९७० रोजी केंटकीतील हायडन गावाजवळच्या खाणीत स्फोट होऊन ३८ कामगार दगावले. त्यांच्या मुलांच्या साहाय्यार्थ तिने पुढील वर्षी लुईव्हिल येथे गायनाचा मोठा कार्यक्रम घडवून आणला.

१९७२ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा ‘एंटरटेनर ऑफ द इयर’ हा सर्वोच्च पुरस्कार मिळविणारी ती पहिली स्त्री ठरली. कॉन्वे ट्विटी याच्यासह गायिलेली तिची युगुलगीतेही अतिशय गाजली. जॉर्ज व्हेक्सी या पत्रकाराच्या साहाय्याने लिहिलेले कोल मायनर्स डॉटर हे तिचे आत्मचरित्र १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच नावाचा मायकेल ॲप्टेडदिग्दर्शित चित्रपट १९८० मध्ये निघाला. सिसी स्पासेकने त्यातील गीते स्वतः गायिली व सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर पारितोषिक मिळविले. आत्मचरित्रातील विवाहाची हकिकत चित्रपटापेक्षा कितीतरी कठोर आहे. चित्रपटाने लोरेटाचे नाव ग्रामीण संगीताच्या वर्तुळाबाहेर नेले, परंतु याच सुमारास तिचे गीतलेखन मंदावले. आपल्या गीतांच्या हक्कांविषयी प्रकाशकाशी चाललेला दीर्घ वाद हे त्याचे एक प्रमुख कारण होते. १९८४ मध्ये तिचा थोरला मुलगा नदीत बुडून मरण पावला. पतीच्या दीर्घ आजारात तिने कार्यक्रम बव्हंशी थांबविले; तो १९९६ मध्ये निवर्तला.

वयाच्या ७२ व्या वर्षी, २००४ मध्ये, तिने जॅक व्हाइट या तरुण रॉक संगीतकाराच्या निर्मितीखाली व्हॅन लीअर रोझ ही ध्वनिमुद्रिका काढली. तीमधील शीर्षकगीतात आई-वडिलांच्या तारुण्यातील हकिकत आली आहे. या ध्वनिमुद्रिकेला दोन ग्रॅमी पुरस्कार लाभले. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये समावेश (१९८८), केनेडी सेंटर सन्मान (२००३) आणि राष्ट्राध्यक्षांकडून दिले जाणारे ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ (२०१३) हे तिला मिळालेले अन्य महत्त्वाचे बहुमान. २०१७ मध्ये पक्षाघाताचा झटका आल्यानंतर तिचे जाहीर कार्यक्रम बंद झाले; तथापि २०२१ मध्ये स्टिल वूमन इनफ ही तिची अखेरची ध्वनिमुद्रिका निघाली. टेनेसीतील हरिकेन मिल्स येथे १९६६ पासून तिची मोठी जागा होती. तेथे तिने बुचर हॉलोतील खोपट्याची प्रतिकृती उभारली असून ती पाहण्यास आजही लोक येतात. तेथील राहत्या घरीच झोपेत तिचे निधन झाले व तिचे दफन पतीशेजारी करण्यात आले. तिची धाकटी बहीण क्रिस्टल गेल (ज. १९५१) हीदेखील प्रसिद्ध गायिका आहे.