हरभऱ्याची तारीख आणि तिफणीचं अंतर

कोरडवाहू हरभरा जमिनीत मुरलेल्या ओलीवरच जगतो, म्हणून महाराष्ट्रात त्याची पेरणी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत आटोपलेली बरी. विहिरीला पाणी असेल तर १० नोव्हेंबरपर्यंत थांबता येतं. फार घाई केली तर तापलेल्या मातीत मर रोग बळावतो. डिसेंबर उजाडला, तर घाटे भरायला आणि ऊन तापायला एकच गाठ पडते. दाणा बारीक राहतो.

ओळींत ३० सेंमी, रोपांत १० सेंमी ठेवलं की हेक्टरी सुमारे ३ लाख ३३ हजार झाडं बसतात. टपोऱ्या काबुलीला मात्र ४५ सेंमीची ओळ हवी. दाट पेऱ्यात झाडं नुसती उंच, लुकडी होतात. विरळ पेऱ्यात फांद्या फुटतात खऱ्या, पण मोकळ्या जागेत तणही माजतं. उशिराच्या पेऱ्यात झाडाला पसरायला सवड नसते. तिथे बियाणं थोडं वाढवावं.