मळणीत हात गेला, त्यानंतरची वर्षे

सोयाबीनची मळणी तोंडावर आली आहे, म्हणून आज बचतीचा हिशेब बाजूला ठेवून एका हाताविषयी बोलणार आहोत.

आमच्या गटातल्या एक ताई मळणीवाल्याच्या टोळीत रोजाने जायच्या. मशीनमध्ये सोयाबीन ढकलताना त्यांच्या उजव्या हाताची चार बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला. गाव दवाखान्यात भेटून आला, टाके निघाले. लोकांच्या लेखी विषय संपला. ताईंचा तिथून सुरू झाला.

निऱ्या घालता येईनात, भाकरी थापता येईना. थोरलीने शाळा सोडून चूल धरली. बँकेतली सही उजव्या हाताची, तीही गेली. ताई बैठकीला येईनाशा झाल्या, आणि खरं सांगायचं तर हप्ता चुकवतात असंच आम्ही धरून चाललो. सहा महिने आमच्यातली एकही त्यांच्या दारी गेली नाही.

गेलो तेव्हा कळलं, की नसलेली बोटं रात्री ठणकतात. घरच्यांनी अंगारेधुपारे करून पाहिले होते. बायांनो, हे नाटक नाही, बाहेरचंही नाही. बोटं गेली तरी मेंदूत त्यांची जागा राहते, म्हणून दुखणं खरंच जाणवतं. त्यावर औषध मिळतं. आरशाचाही एक व्यायाम आहे. दुखरा हात आरशामागे ठेवायचा, चांगला पुढे, आणि आरशात बघत चांगली बोटं हलवायची. दोन्ही हात धड आहेत असं मेंदूला वाटतं, काहींना उतार पडतो. फिजिओथेरपीवाल्यांकडून शिकून घ्यावा. हात पदराखाली लपवून बसलं, तर उरलेले सांधेही आखडतात.

आता पैशाचं. मळणीवाल्याने दवाखान्याचं बिल भरलं आणि ‘आता काही मागणं नाही’ अशा कागदावर अंगठा घेतला. अशा परस्पर कागदाने हक्क जात नाही. कामावरच्या इजेची भरपाई मालकाने द्यावी हा कायदा १९२३ पासून आहे, आणि यंत्रावर चालणारं शेतकामही त्यात येतं. एका हाताची चार बोटं गेली तर कमाईची ५० टक्के ताकद गेली असं त्यात धरलं आहे, नुसता अंगठा गेला तर ३० टक्के. त्यावर वय आणि मजुरी बघून रक्कम ठरते. दावा मात्र दोन वर्षांच्या आत करायचा. आम्हाला हे कळलं तोवर अडीच वर्षं झाली होती. उशिराचं कारण पटलं तर दावा ऐकून घेता येतो, म्हणून अर्ज केला आहे. वकिलाला पैसे लागले नाहीत. तालुका विधी सेवा समितीकडून बाईमाणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

कुणाला इजा झाली तर पहिल्याच दिवशी दवाखान्याची चिठ्ठी जपा, सोबतच्या मजुरांची नावं लिहून ठेवा, आणि जखम भरली की जिल्हा रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र काढा.

ताई आता डाव्या हाताने सही करतात. बँकेत नवा नमुना द्यायला आम्ही दोघी सोबत गेलो होतो. भाकरी पोळपाटावर लाटतात, कडा जरा जाड राहतात. थोरलीचा दहावीचा १७ नंबरचा फॉर्म भरला आहे, फी गटाने उचलली.