रेघेला जाब विचारण्याचा हक्क

जालना जिल्ह्यात विधानसभेचे पाच मतदारसंघ आहेत: जालना, बदनापूर, भोकरदन, परतूर आणि घनसावंगी. त्यांपैकी बदनापूर तेवढा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. लोकसभेच्या निवडणुकीत हा जिल्हा एकसंध राहत नाही. जालना, बदनापूर आणि भोकरदनला सिल्लोड, फुलंब्री, पैठण जोडून जालना लोकसभा मतदारसंघ होतो. परतूर आणि घनसावंगीचे मतदार परभणीचा खासदार निवडतात. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोगाने २००१ च्या जनगणनेच्या आधारे ही आखणी केली आणि २००८ पासून ती लागू आहे. उद्या इथल्या एखाद्या मतदाराला वाटले की या रेघांनी आपल्या समाजाच्या मताचे वजन कमी केले, तर त्याने दाद कुठे मागायची? ‘कुठेच नाही’ हे या प्रश्नाचे आपल्याकडचे उत्तर कितीतरी दशके चालत आले आहे. ते बदलायला हवे, असे माझे म्हणणे आहे. राखीव जागा हा हक्क असेल, तर ती कुठे ठरली आणि तिच्या सीमा कशा पडल्या, याची कारणे मागणे हाही त्याच हक्काचा भाग आहे.

हा हक्क मराठवाड्यात उशिरा पोहोचला. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने प्रांतिक कायदेमंडळांत दलितांना १४८ राखीव जागा मिळाल्या, पण त्या ब्रिटिश प्रांतांत. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते. इथल्या दलितांनी प्रौढ मताधिकाराने पहिले मत दिले ते १९५१-५२ च्या निवडणुकीत, राज्यघटनेच्या आधारावर. अनुच्छेद ३२५ नुसार धर्म, वंश, जात किंवा लिंग यांच्या कारणाने कोणालाही मतदारयादीबाहेर ठेवता येत नाही. वंश आणि जात हे शब्द तिथे एकाच वाक्यात शेजारी बसले आहेत. अमेरिकेत गोऱ्यांनी काळ्यांना मतपेटीपासून दूर ठेवले आणि इथे जातीने माणसाला गावकुसाबाहेर ठेवले. दोन्ही अन्याय जन्मावरून माणसाची किंमत ठरवतात. म्हणून घटनेने यादीत नाव देऊन हात झटकले नाहीत. अनुच्छेद ३३० आणि ३३२ ने लोकसभेत व विधानसभेत राखीव जागाही दिल्या.

या जागांबाबत न्यायालयांनी काय तपासले आणि काय तपासायचे नाकारले, ते पाहण्यासारखे आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडाऱ्याच्या राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांनी भरलेला अर्ज फेटाळला गेला. कारण दिले गेले की ते महानुभाव पंथात गेले, म्हणजे महार उरले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये हा निर्णय चुकीचा ठरवला: पंथ स्वीकारला तरी जातीने त्यांना टाकले नव्हते आणि त्यांनीही जात सोडली नव्हती. बौद्ध धम्म स्वीकारणाऱ्यांच्या वाट्याला मात्र ही उदारता आली नाही. नागपुरातील राखीव मतदारसंघातून १९६२ मध्ये निवडून आलेले डी. पी. मेश्राम यांनी जाहीरपणे दीक्षा घेतली होती का, याचे साक्षीपुरावे तपासून सर्वोच्च न्यायालयाने त्यांची निवड रद्द केली. अनुसूचित जातींची यादी ठरवणाऱ्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात बौद्धांना स्थान नव्हते. ते १९९० च्या दुरुस्तीने मिळाले. बाबासाहेबांच्या मागे ज्यांनी धर्म बदलला, त्यांना तोवर दीक्षा आणि उमेदवारी यांपैकी एकच निवडता येत होते. जातीचा जाच मात्र दीक्षेनंतरही सुटला नव्हता.

म्हणजे माणसाची श्रद्धा, त्याचे जातीतले स्थान, त्याची दीक्षा हे सारे न्यायालयाने बारकाईने तपासले. मतदारसंघाची रेघ समोर आली तेव्हा याच न्यायालयाने हात आखडता घेतला. उज्जैन मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव केल्याविरुद्ध मेघराज कोठारी न्यायालयात गेले. अनुच्छेद ३२९ चा आधार घेऊन १९६६ मध्ये निकाल आला की आयोगाचा प्रसिद्ध झालेला आदेश हा कायदाच असतो आणि त्याला आव्हान देता येत नाही. आता २००२ च्या परिसीमन कायद्यातला नियम पाहा. अनुसूचित जातींच्या जागा राज्याच्या वेगवेगळ्या भागांत विखुरलेल्या असाव्यात आणि शक्यतो त्यांची लोकसंख्या तुलनेने जास्त असेल तिथे असाव्यात, असे तो सांगतो. पहिली अट जागा पसरवते, दुसरी एकवटते. दोन्हींचा मेळ घालताना आयोगाच्या हाती मोठी मोकळीक येते, आणि जिथे मोकळीक तिथे कारणे सांगण्याची जबाबदारी आलीच. मुस्लीम वस्ती दाट असलेले मतदारसंघ राखीव केले जातात, ही तक्रार सच्चर समितीनेही २००६ च्या अहवालात नोंदवली होती. खरे-खोटे करायला न्यायपीठच नसेल, तर अशी तक्रार संशय बनून मुरत राहते आणि आरक्षणाचीच बदनामी होते.

अमेरिकेचा अनुभव इथे कामाचा आहे. अलाबामातील टस्कीगी शहराची चौकोनी हद्द बदलून तिचा अठ्ठावीस बाजूंचा आकार करण्यात आला. सुमारे ४०० काळ्या मतदारांपैकी चार-पाच सोडून बाकी सारे शहराबाहेर गेले. गोरा मतदार एकही गेला नाही. ‘गोमिलियन विरुद्ध लाइटफूट’ खटल्यात १९६० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नकाशाच्या आडून मताधिकार हिरावता येणार नाही. पुढे १९८० मध्ये ‘भेदभावाचा हेतू सिद्ध करा’ अशी अट त्याच न्यायालयाने घातली. हेतू कोणी कागदावर लिहून ठेवत नाही, म्हणून १९८२ मध्ये तिथल्या संसदेने कायदाच बदलला आणि परिणाम दाखवला तरी पुरे, असे ठरवले.

ही कसोटी जालन्यासारख्या शहराला थेट लागू पडते. कुंडलिका नदीने इथे जुना जालना आणि नवा जालना असे दोन भाग पाडले आहेत. महापालिकेची प्रभागरचना होते ती जनगणनेचे प्रगणक गट जोडून आणि नदी, नाले, रस्ते यांच्या सीमा धरून. दलित वस्त्या शक्यतो तोडू नयेत, असे राज्य निवडणूक आयोगाच्या सूचना सांगतात. प्रारूप प्रसिद्ध होते, हरकती व सूचना मागवल्या जातात, सुनावणी होते. मात्र हरकतदाराला हवी असते ती एक गोष्ट: हा प्रगणक गट इकडे का आणि तो तिकडे का, याचे लेखी उत्तर. त्यात बहुसदस्यीय प्रभाग आले की एखाद्या वस्तीचे एकगठ्ठा मत मोठ्या प्रभागात विरघळते. अशाच बहुसदस्यीय मतदारसंघांमुळे टेक्सासमध्ये काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मतदारांचे मत निष्प्रभ होते, असे अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये मान्य केले होते.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की न्यायालयाचे दार उघडले तर निवडणुकाच होणार नाहीत. त्याचा दाखला घरातच आहे. मार्च २०२१ मध्ये विकास गवळी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ओबीसी आरक्षणासाठी समर्पित आयोग, स्थानिक संस्थानिहाय माहिती आणि एकूण ५० टक्क्यांची मर्यादा या तीन कसोट्या लावल्या. जालना जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. चार महिन्यांत निवडणुका घ्या, असे न्यायालयाला सांगावे लागले ते मे २०२५ मध्ये. लोकप्रतिनिधींविना गेलेली ही वर्षे ग्रामीण भागाचे मोठे नुकसान आहे, हे निर्विवाद. पण उशीर कशामुळे झाला? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या कृष्णमूर्ती निकालानेच ही माहिती गोळा करायला सांगितले होते. ते काम अकरा वर्षे पडून राहिले. मग २०२२ मध्ये आधी जिल्हा परिषदांची सदस्यसंख्या वाढली, सरकार बदलल्यावर ती पुन्हा पूर्ववत झाली. न्यायालयात जाण्याचा हक्क दोषी नाही. आधी करायचे काम न करणे दोषी आहे. आव्हान अधिसूचनेआधीच द्यावे आणि ठरावीक मुदतीत निकाली निघावे, असे बंधन घातले की हा आक्षेप उरत नाही.

दुसरा आक्षेप असा की नकाशा आखणे हे न्यायाधीशांचे काम नाही. मान्य. न्यायालयाने नकाशा आखू नये, कारणे तपासावीत. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच पाऊल टाकले. गुजरातमधील बारडोली मतदारसंघ राखीव केल्याला किशोरचंद्र राठोड यांनी आव्हान दिले होते. आयोगाचा आदेश उघडपणे मनमानी आणि घटनेच्या मूल्यांशी विसंगत असेल, तर न्यायालयाचे हात बांधलेले नाहीत, असे या निकालाने स्पष्ट केले.

लोकसभा-विधानसभेच्या जागांची फेरवाटणी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे, आणि जातींची नोंद असलेली जनगणना २०२७ मध्ये व्हायची आहे. त्यानंतर जालन्याच्या रेघा पुन्हा आखल्या जातील. त्या आखणाऱ्या कायद्यात तीन गोष्टी आधीच लिहून घेतल्या पाहिजेत: प्रत्येक राखीव जागेमागची आकडेवारी आणि कारणे जाहीर करणे, प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर देणे, आणि आदेश अंतिम होण्यापूर्वी ठरावीक मुदतीत निकाल देणारे न्यायाधिकरण नेमणे. यातली एकही मागणी आरक्षणाला धक्का लावत नाही. उलट राखीव जागेवरच्या प्रत्येक आमदाराच्या पाठीशी ती कारणांचे बळ उभे करते, आणि ही मागणी करण्याची वेळ नकाशा छापून येण्याआधीची आहे.