‘मुशी’ : एका अपरिचित मत्स्यनामाचा अर्थ आणि उपयोग



शब्दाचा अर्थ कोशात पाहिला की तो आपल्याला कळला, असे आपण सहसा गृहीत धरतो. हे गृहीत कितपत टिकते, ते या उपघटकात एकाच शब्दाच्या आधारे तपासू. त्यासाठी पुढील दोन वाक्ये वाचा.

(अ) वारकरी संप्रदायाच्या मुशीत ही पिढी घडली.
(आ) आज जाळ्यात मुशी सापडली.

बीड जिल्ह्यातील चौसाळ्यासारख्या, समुद्रापासून दूर असलेल्या गावी वाढलेल्या वाचकाला पहिले वाक्य सहज कळते; दुसऱ्यापाशी तो थबकतो. दोन्ही वाक्यांत ‘मुशी’ हेच रूप दिसत असले तरी ते दोन वेगळ्या शब्दांचे आहे.

१. रूप एक, शब्द दोन

पहिल्या वाक्यातील मूळ शब्द ‘मूस’ हा आहे. सोनार ज्या पात्रात धातू वितळवतो ते पात्र म्हणजे मूस. ‘म्हैस’चे सामान्यरूप जसे ‘म्हशी’, तसे ‘मूस’चे ‘मुशी’. त्याला सप्तमीचा प्रत्यय लागून ‘मुशीत’ हे रूप होते. दुसऱ्या वाक्यात मात्र ‘मुशी’ हाच मूळ, ईकारान्त स्त्रीलिंगी शब्द असून तो शार्क माशाचे मराठी नाव आहे. शंका आल्यास शब्दाचे अनेकवचन करून पाहावे. ‘दोन मुशी’ म्हटले तर धातूची पात्रे आणि ‘दोन मुश्या’ म्हटले तर मासे. अशा, रूपाने जुळणाऱ्या पण अर्थाने असंबद्ध शब्दांना समरूप शब्द म्हणतात.

२. अर्थाची व्याप्ती

कोशात ‘एक सागरी मासा’ एवढाच अर्थ मिळाला, तर त्यावरून मुशी आणि पापलेट यांत भेद करता येत नाही. अर्थ निश्चित होण्यासाठी त्या वस्तूची व्यवच्छेदक लक्षणे माहीत असावी लागतात. मुशीचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो, कल्ल्यांच्या फटींवर झाकण नसते आणि त्वचा खरखरीत असते. शिवाय हे एकाच जातीचे नाव नव्हे. शार्कच्या अनेक जातींना किनाऱ्यावर ‘मुशी’ असेच म्हणतात. ही व्याप्ती ध्यानात घेणे व्यवहारातही आवश्यक ठरते. व्हेल शार्क या महाकाय माशाला 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्यामुळे बातमीत नुसते ‘मुशी पकडली’ असे लिहिले, तर नेमकी कोणती मुशी, हा प्रश्न शिल्लक राहतो.

३. मुशी आणि मोरी

मुंबई परिसरातील कोळी समाज ज्याला मुशी म्हणतो, त्याच माशाला सिंधुदुर्गात आणि गोव्यात ‘मोरी’ म्हणतात. हे प्रादेशिक पर्याय होत. देशावरच्या वाचकाला ‘मोरी’ म्हणजे घरातील सांडपाण्याची जागा किंवा रस्त्याखालून पाणी जाण्याची वाट. तेव्हा ‘आज जेवायला मोरी आहे’ या मालवणी वाक्याने तो चकित झाला तर नवल नाही.

मालवणात ‘मोरीचे मटण’ असाही प्रयोग रूढ आहे. येथे ‘मटण’ या शब्दाने शेळी-मेंढीचे मांस हा अर्थ सोडला असून तशा मसालेदार रश्श्याच्या पदार्थाचा अर्थ घेतला आहे. हे अर्थविस्ताराचे उदाहरण होय.

४. ओळखीचा शब्द, अनोळखी अर्थ

आता तुमच्या परिसरातील शब्द घेऊ. गोदावरी, मांजरा या नद्यांकाठी ‘वाम’ हा लांबट मासा परिचित आहे. किनाऱ्यावरही ‘वाम’ मिळते. परंतु तो समुद्रातील वेगळा मासा आहे. दोहोंचे शरीर सापासारखे लांब असल्याने एक नाव दोघांना लागू झाले आहे. येथे अर्थांमध्ये साम्याचा दुवा दिसतो, म्हणून ही अनेकार्थता होय. ‘वाममार्ग’ यातील ‘वाम’ हा ‘डावा’ या अर्थाचा संस्कृत शब्द मात्र या दोहोंशी केवळ समरूप आहे.

५. समारोप

‘मुशी’ न कळणे हे वाचकाचे अज्ञान नव्हे, तसेच ‘मोरी’ म्हणणे ही अशुद्ध मराठी नव्हे. ज्या समाजाचा ज्या वस्तूशी रोजचा संबंध असतो, त्याच्या बोलीत तिच्यासाठी नेमके शब्द असतात. किनाऱ्याकडे माशांची नावे सूक्ष्म भेदांनी वेगळी होतात. तुमच्याकडे ज्वारीच्या आणि जमिनीच्या प्रकारांची होतात. म्हणून अपरिचित शब्द भेटल्यावर तो ‘ग्राम्य’ ठरवण्याआधी चार प्रश्न विचारा : मूळ रूप कोणते? प्रदेश कोणता? शेजारचे शब्द कोणते? व्याप्ती किती? दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त अनेक शब्दांपुढे प्रदेशाची संक्षिप्त खूण असते, तीही वाचण्याची सवय ठेवा.

स्वाध्याय

१. ‘मोरी’ या शब्दाचे तीन अर्थ सांगून त्यांत समरूपता कोठे आणि अनेकार्थता कोठे, ते सकारण लिहा.
२. तुमच्या गावच्या आठवडी बाजारात ऐकू येणारी माशांची पाच नावे नोंदवा. प्रत्येकाचे लिंग, अनेकवचन आणि सामान्यरूप द्या.
३. तुमच्या बोलीतील शेतीविषयक एक शब्द निवडा. किनाऱ्यावरील वाचकाला तो समजेल असा त्याचा अर्थ चार वाक्यांत लिहा.