आखूड बंडीतला किडा

पावसाळ्यात बीड जिल्ह्यातल्या पाली गावाजवळ, बिंदुसरा तलावाच्या काठचा ओला पाचोळा पांढऱ्या कापडावर झटकून पाहा. तिळाएवढा, लांबट, शेपूट वर करून पळणारा किडा दिसला, तर तो बहुधा रोव्ह बीटल. मुंगीसारखा दिसला तरी हा भुंगेराच. मात्र पाठीवरचं कवच बंडीसारखं आखूड, त्यामुळे निम्म्याहून जास्त पोट उघडं. उडायचे पंख त्या बंडीखाली घडी घालून ठेवलेले. छत्रीवाल्यांनी शिकावी अशी घडी!

जगात यांच्या 60,000 हून अधिक जाती नोंदल्या गेल्यात. मग हाती आलेला किडा नव्या जातीचा, हे ठरवायचं कसं? रंगावर विसंबता येत नाही. नराचं जननेंद्रिय सुईच्या टोकानं सोडवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं, कारण त्याचा आकार बहुतेकदा जातीगणिक वेगळा असतो. मग माल्कम कॅमेरॉन यांचे 1930 ते 1939 दरम्यानचे भारतीय रोव्ह बीटलवरचे ग्रंथ चाळायचे, संग्रहालयातल्या नमुन्यांशी ताडायचं. खरं काम हेच, आणि ते वेळखाऊ. शेवटी एक नमुना ‘होलोटाइप’, म्हणजे त्या जातीचा प्रमाण नमुना, म्हणून जपायचा आणि वर्णन, नाव छापायचं. न छापलेलं नाव शास्त्राच्या लेखी नाहीच.

रोव्ह बीटलांपैकीच काळ्या-नारिंगी रंगाचा पेडेरस दिव्याभोवती येतो. तो अंगावर बसला तर चिरडू नका, फुंकर मारून उडवा. चिरडल्यास कातडीवर फोड येतात आणि लोक त्या फोडांना नागीण समजतात. चिरडलाच, तर साबणाने लगेच धुवा.